पोटॅशियमवाचून आम्ल नाही: या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी शरीरक्रियाशास्त्राच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी जठराचा धडा आला की त्याच चुका, तेच बाण, तीच घाई. यंदा वैतागून लिहूनच काढतोय.

सगळ्यांची लाडकी चूक आकृतीतली. पॅरायटल पेशी, म्हणजे जठराच्या अस्तरातली आम्ल सोडणारी पेशी काढायची, जठराच्या पोकळीकडच्या कडेला एक गोल काढून 'प्रोटॉन पंप' लिहायचं, हायड्रोजन बाहेर, पोटॅशियम आत असे दोन बाण मारायचे आणि पेन खाली ठेवायचं. दोन्ही बाण बरोबरच आहेत. पण पंपानं आत घ्यायचं ते पोटॅशियम मुळात पोकळीत आलं कुठून?

हा प्रश्न एकेकाळी मलाही पडला नव्हता. नवीनच शिकवायला लागलो होतो, फळ्यावर हीच आकृती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मी समजलो नाही. बाहेर पोटॅशियम कुठलं?" मी ठोकून दिलं, "जेवणातलं." तिनं वहीत लिहूनही घेतलं. तास संपवून सायकलवरून निघालो, रंकाळ्यापर्यंत आलो आणि चरचरलं. उपाशीपोटीही आम्ल सुटतंच की! सोमवारच्या उपासाला पंप काय सुट्टीवर जातो? दुसऱ्या दिवशी आधी ते वाक्य सगळ्यांच्या वहीतून खोडायला लावलं.

खरी गोष्ट अशी की पोटॅशियम पेशीतूनच बाहेर येतं. रक्तात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल, पेशीच्या आत सुमारे १४०. पोकळीकडच्या पटलात पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियम जाण्यापुरत्या प्रथिनांच्या वाटा असतात. त्यांतून ते बाहेर पाझरतं, पंप तेच पकडून आत ओढतो आणि बदल्यात हायड्रोजन बाहेर ढकलतो. रिकामा सिलिंडर दिल्याशिवाय गॅसवाला भरलेला उतरवत नाही, तसंच. रिकामा सिलिंडर दारात आणून ठेवायचं काम चॅनेलचं. क्लोराइड आपल्या वेगळ्या चॅनेलमधून बाहेर पडतं, आणि झालं हायड्रोक्लोरिक आम्ल.

यातला मुख्य चॅनेल केसीएनक्यू-१, जोडीला केसीएनई-२ हे मदतनीस प्रथिन. ही जोडी मला फार आवडते. केसीएनक्यू-१ एकटा असला तर आम्लात मंदावतो. केसीएनई-२ सोबत असला की उघडाच राहतो आणि आम्लात उलट जास्त चालतो. उंदरांतून यातलं कुठलंही एक जनुक काढलं तर पंप असूनही आम्ल फारच कमी होतं.

माझी सवय सांगतो. मी तांबड्या खडूनं पोटॅशियमची बाहेर-आत फेरी आधी काढतो आणि पंप सगळ्यात शेवटी. मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे की.

दुसरी चूक घाईची आहे आणि मोबाइलवर फिरणाऱ्या 'एका पानात औषधशास्त्र' छापाच्या चिठ्ठ्यांतून येते. व्होनोप्राझॅन हे आम्ल कमी करणारं 'पोटॅशियम-स्पर्धक' औषध, म्हणून ते पोटॅशियम चॅनेल बंद करतं! तोंडीच्या सरावात एका पोरानं हे छातीठोकपणे सांगितलं. मी म्हटलं, "अरे, केसीएनक्यू-१ हृदयातही आहे, तिथं केसीएनई-१ बरोबर. तो बंद पडला तर काय होईल?" पोरगा गप्प. ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबतं, ठोके बिघडू शकतात. हे औषध चॅनेलला हात लावत नाही. पंपावर पोटॅशियमची जी जागा असते ती अडवून बसतं, आणि पुढे सुटतंही. ओमेप्राझोल हे आम्लावरचं जुनं औषध मात्र पंपाला पक्कं चिकटतं, आणि त्याआधी त्याला आम्लातच सक्रिय व्हावं लागतं. चिठ्ठी करणाऱ्यानं एक शब्द वाचवला, त्यात चॅनेल आणि पंप एक होऊन बसले.

बाकीच्या चुका चटकन सांगतो.

केळं खाल्लं की पोटॅशियम वाढून ॲसिडिटी होते: नाही. पोकळीतलं पोटॅशियम पेशी स्वतः पुरवते.

पॅन्टोप्राझोल (ओमेप्राझोलचंच भावंड) तांबडा-पांढरा रस्सा ओरपून झाल्यावर घेणं: जेवणाआधी अर्धा तास घ्या. ही औषधं चालू पंपांवरच काम करतात, आणि पंप जेवणानं चालू होतात. जेवून उठल्यावर गोळी शोधत बसणाऱ्यांत आमच्या घरचेही आहेत.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध ॲसिडिटीवर उतारा: घटकाभर बरं वाटतं, मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम आम्ल आणखी वाढवतात. दूध चवीसाठी प्या, नाद खुळा असतं.

उलट्यांनी पोटॅशियम उतरलं म्हणजे ते सगळं उलटीतून गेलं: जठररसात ते थोडंच असतं. जास्त जातं लघवीतून, कारण आम्ल गमावल्यानं रक्त अल्कधर्मी होतं आणि मूत्रपिंड पोटॅशियम सोडत राहतं. ही चूक तिसऱ्या वर्षाची पोरंही करतात.