मे महिन्यात राखणीचा कुत्रा का बिघडतो? या चुका टाळा

भात कापून झालं की कोकणात शेळ्या-गुरं बहुतेक मोकळीच फिरतात. मृग लागला की मात्र चित्र पालटतं. तरवा म्हणजे भाताची रोपं उगवलेली असतात आणि आपली शेळी शेजाऱ्याच्या तरव्यात शिरली की भांडण ठरलेलं. म्हणजे शेळ्यांमागे कुत्रा तयार करायचा तर तो जूनच्या पहिल्या आठवड्याआधी हाताशी यायला हवा. आणि नेमके त्याच दिवसांत चाकरमानी गावी येतात, खळ्यात म्हणजे अंगणात मांडव पडतो, आज पूजा, उद्या कुणाचं लग्न. कुत्रा उन्हापेक्षा या गर्दीनेच जास्त बिघडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरातला प्रत्येक जण मालक होतो. काका ‘बस’ म्हणतात, त्यांची नात ‘सिट’, आजी ‘गप रव’. हवं असतं तिघांनाही एकच, पण कुत्र्याला तीन वेगळे आवाज ऐकू येतात आणि थोड्या दिवसांत तो कुणालाच जुमानत नाही. ‘थांब’, ‘ये’, ‘पुरे’ एवढे तीन शब्द ठरवा आणि ते एकानेच वापरावेत. पोरांना हुकूम सोडायला देऊ नका, पाण्याचं भांडं भरायला सांगा. कोंबड्यांमागे त्याला पळवायचा खेळ तर आधी बंद करा. आज कोंबडी, उद्या करडू.

दुसरी चूक हौसेची. ‘बघा आमचा कुत्रा’ म्हणत भरल्या खळ्यासमोर त्याला शेळ्यांवर सोडतात. शेळ्या उधळतात, लोक ओरडतात, आणि त्या ओरडण्याने त्याला आणखीच चेव येतो. शेळ्या वळवणं म्हणजे शिकारीचाच पाठलाग, फक्त चाव्याच्या आधी थांबवलेला. एकदा दात लावायची गोडी लागली की ती मोडणं फार कठीण.

आधी शेळ्यांशिवाय ‘थांब’ पक्कं करा. मग गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत तीन-चार शांत, मोठ्या शेळ्या घ्या. नुकती व्यालेली नको, ती ढुशी मारते आणि कुत्र्याचं पिल्लू कायमचं बिचकतं. कुत्र्याच्या गळ्यात लांब दोरी असू द्या. शेळ्या तुमच्या आणि त्याच्या मध्ये येतील असे उभे राहा. तुम्ही डावीकडे सरकलात की चांगला कुत्रा वळसा घेऊन पुन्हा समोर यायला बघतो. शेळ्या तुमच्याकडे चालू लागल्या की लगेच ‘थांब’, शाबासकी, आणि दहा मिनिटांत खेळ आटोपता घ्या. दमलेला कुत्रा ऐकत नाही, चावतो. गावठी कुत्रा मेंढ्या वळवणाऱ्या विलायती बॉर्डर कॉलीसारखा डोळे रोखून, वाकून चालेल ही अपेक्षा ठेवू नका. भुंकून शेळ्या वळवल्या तरी काम झालं. (दाट केसांची कॉली विकत आणून या दमट हवेत ठेवणं मला तरी पटत नाही.)

सराव सकाळी लवकर. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत ते नीट जमत नाही. जांभ्याचा कातळ तर तव्यासारखा तापतो. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवत नसेल तर पंजेही टेकवू नका. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसाच डॉक्टरकडे न्या.

पंगतीचं उष्टं टाळा. शिजलेली हाडं, कांद्याचा रस्सा आणि आंब्याची कोय. कोय आतड्यात अडकते. ओकाऱ्या सुरू झाल्या आणि शौच बंद झालं तर वाट बघू नका.

मांडवात कर्ण्याशेजारी कुत्रा बांधणं म्हणजे चाव्याला आमंत्रण. त्याची सोय मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात करा. चावलाच तर मिरची, चुना काही लावायचं नाही; साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

पाहुणे झोपले की दार ओढून घेताना कुत्राही आत घ्या. उघड्या खळ्यात बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यापासून पळताही येत नाही.