‘केशव’ या नावाचा अर्थ कसा लावावा

नावांच्या याद्यांमध्ये ‘केशव’पुढे कुठे ‘सुंदर केसांचा’, कुठे ‘केशीला मारणारा’, तर कुठे ‘ब्रह्मा-विष्णू-महेशांचा स्वामी’ असे लिहिलेले आढळते. हे तिन्ही अर्थ टीकाग्रंथांत आहेत. मात्र प्रत्येकाचा विग्रह, म्हणजे शब्दाची फोड, वेगळा आहे आणि आधारही वेगळा. अर्थ टिपताना या दोन्ही गोष्टी सोबत लिहिल्या नाहीत, तर तो अर्थ तपासता येत नाही.

सुरुवात अक्षरांपासून करा. ह्रस्व-दीर्घ आणि श-ष-स यांची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘हृषीकेश’ हे नाव ‘ऋषिकेश’ असे लिहिले की लोक त्यात ऋषी शोधू लागतात. मूळ शब्द ‘हृषीक’, म्हणजे इंद्रिय, आणि हृषीक + ईश म्हणजे इंद्रियांचा स्वामी.

मग कोश उघडा. अमरकोशाच्या स्वर्गवर्गात ‘दामोदरो हृषीकेशः केशवो माधवः स्वभूः’ अशी ओळ आहे. त्यावरून केशव हे विष्णूचे नाव एवढे नक्की होते. ही झाली रूढी, म्हणजे वापराने ठरलेला अर्थ. ते नाव का पडले, हे कोशातला पर्याय सांगत नाही. त्यासाठी व्याकरणाकडे जावे लागते.

पाणिनीचे सूत्र आहे ‘केशाद्वोऽन्यतरस्याम्’ (5.2.109). ‘केश असलेला’ या अर्थी केश शब्दाला विकल्पाने ‘व’ प्रत्यय लागतो. म्हणून केशव, केशी, केशिक, केशवान् ही चारही रूपे शुद्ध. इथे एक रास्त शंका येते: केस तर सर्वांनाच असतात, मग या नावात विशेष ते काय? उत्तर परंपरेतच आहे. असे स्वामित्वदर्शक प्रत्यय नुसते ‘असणे’ सांगत नाहीत. विपुलता, निंदा, प्रशंसा, नित्यसंबंध, अतिशय अशा छटाही दाखवतात. इथे प्रशंसा घ्यायची. म्हणूनच विष्णुसहस्रनामाच्या शांकरभाष्यात, म्हणजे शंकराचार्यांच्या टीकेत, ‘अभिरूपाः केशा यस्य’, ज्याचे केस सुंदर आहेत तो, असा विग्रह येतो. ‘सुंदर’ हा शब्द टीकाकाराने पदरचा घातलेला नाही.

त्याच भाष्यातला दुसरा विग्रह संधी सोडवून पाहा. क म्हणजे ब्रह्मा, अ म्हणजे विष्णू, ईश म्हणजे शिव. क + अ = का, का + ईश = केश. हे तिघे ज्याच्या वशात आहेत तो केशव.

तिसरा अर्थ कथेतून येतो. विष्णुपुराणाच्या पाचव्या अंशाच्या सोळाव्या अध्यायात केशी दैत्याच्या वधानंतर नारद कृष्णाला सांगतात, तू केशीला मारलेस म्हणून केशव नावाने प्रसिद्ध होशील. ‘केशिन्’ आणि ‘वध’ यांतून ‘केशव’ नेहमीच्या नियमांनी सिद्ध होत नाही. अशा शब्दांसाठी ‘पृषोदरादीनि यथोपदिष्टम्’ (6.3.109) या सूत्राचा आधार घेतात: शिष्टांनी जसा उच्चारला तसा शब्द शुद्ध मानायचा. हा आधार शेवटचा समजावा. सरळ प्रत्यय लागत असताना आधीच पृषोदरादि म्हणू लागलात, तर कुठल्याही नावातून कुठलाही अर्थ निघेल. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन ‘केशिनिषूदन’ म्हणतो, तिथे मात्र केशीचा वध शब्दातच आहे. ही दोन नावे एक समजू नयेत.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो स्थान न पाहिल्यामुळे. शांकरभाष्याच्या क्रमाने सहस्रनामात ‘केशव’ 23 व्या आणि 648 व्या स्थानी, असा दोनदा येतो. नाव पुन्हा आले तरी अर्थ वेगळा असल्याने पुनरुक्तीचा दोष नाही, अशी आचार्यांची भूमिका आहे. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी केसांचा अर्थ येत नाही; सूर्यादिकांत असलेले किरण म्हणजे ‘केश’, ते ज्याचे तो केशव. त्याला आधार महाभारताच्या शांतिपर्वातला: तिथे कृष्ण म्हणतो, माझे जे अंशू (किरण) प्रकाशतात त्यांना केश म्हणतात. पहिल्या स्थानचा अर्थ उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवला की भाष्यकाराचा सगळा विचार वाया जातो.

संध्येतल्या आचमनाला ‘केशवाय नमः’ म्हणताना यांतला कोणता अर्थ मनात धरायचा, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. तिथे नाव संबोधण्यासाठी आहे, रूढी पुरते. बाळाच्या नावाचा अर्थ सांगायचा असेल, तर पाणिनीच्या सूत्राने सरळ सिद्ध होणारा अर्थ आधी सांगावा आणि बाकीचे टीकाकाराच्या नावासह जोडावेत.

टिपण असे ठेवा: नाव, विग्रह, सूत्र किंवा कथा, ग्रंथ, अध्याय-श्लोक, टीकाकार. महाभारताचा श्लोकांक देताना आवृत्तीही लिहा. सहस्रनाम महाभारतातच येते; त्याचा अध्याय अनुशासनपर्वाच्या प्रचलित प्रतींत 149 वा आहे, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत 135 वा.