व्हीएममधला बिटकॉइन नोड सारखा मरत होता, शेवटी असा जमवला

घरच्या सर्व्हरवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर) टाकून बिटकॉइन कोर (बिटकॉइनचा नोड चालवायचं सॉफ्टवेअर) चालवत होतो, सिंक (सगळे ब्लॉक उतरवून तपासणं) चालू असताना प्रोसेस मधेच गायब, आणि परत सुरू केलं की ब्लॉक रिप्ले करत बसायचा. बिटकॉइनच्या डीबग लॉगमध्ये काहीच नाही, ओळी चालू असतात आणि एकदम बंद, म्हणजे कुणीतरी बाहेरून मारतंय. डीमेसेज (लिनक्स कर्नलचा लॉग) बघितलं तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारी लिनक्सची यंत्रणा! व्हीएमला ८ जीबी दिलेली पण बलूनिंग (व्हीएमची मेमरी कमी-जास्त करायची सोय) चालू, त्यामुळे होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, मेमरी कमी पडली की व्हीएमकडून काढून घ्यायचा, आणि इकडे डीबीकॅश (बिटकॉइन कोर डेटाबेससाठी वापरतो ती मेमरी) ४००० एमबी ठेवलेला, मग मरणारच ना.

बलूनिंग बंद केलं, ८ जीबी फिक्स, तेव्हापासून एकदाही पडला नाही.

स्पीड मात्र रडतखडतच होता. खरी मारामारी चेनस्टेटची (न खर्चलेल्या नाण्यांच्या डेटाबेसची) असते, नोड त्यात सतत इकडेतिकडे वाचतो-लिहितो, हार्डडिस्कला ते झेपत नाही. म्हणून डेटा फोल्डर एसएसडीवर आणि ब्लॉक्सडिर ऑप्शनने मोठ्या ब्लॉक फाइल्स हार्डडिस्कवर. (जागाच नसेल तर प्रून=५५० लावा, म्हणजे ब्लॉक फाइल्स साधारण ५५० एमबीतच ठेवतो, पण मग जुने ब्लॉक विसरा.) सिंक झाल्यावर डीबीकॅश परत ४५० केला. ८३३३ पोर्ट उघडलं नाही तरी नोड चालतो, फक्त बाहेरून कुणी जोडत नाही.