हिवाळ्यात सोलापुरात फुलं दिसत नाहीत? या चुका टाळा

"आपल्या सोलापुरात कुठली बे फुलं? ऊन आणि धूळ," असं म्हणणारा माझा एक मित्र रोज सकाळी बुचाच्या झाडाखाली पडलेल्या फुलांच्या सड्यावरून स्कूटर काढतो. त्याला कशाला नावं ठेवू, दोन हिवाळे मीही तेच केलं. फुलं असतात. आपली वेळ चुकते, नाहीतर मान भलत्याच दिशेला वळलेली असते.

उशिरा बाहेर पडणं

रात्री नऊच्या सुमारास कॉलनीत शिरलं की गोडसर वास यायचा. मला वाटायचं, कुणीतरी भारीतली उदबत्ती लावलीय. शेवटी एका रविवारी झाड शोधायला निघालो, तेही नाश्ता वगैरे आटपून अकरा वाजता. उंच, सरळसोट झाड; वर पाहिलं तर पानंच पानं, खाली रस्ता लख्ख झाडलेला. बुचाची फुलं अंधार पडल्यावर उमलतात, रात्रीच्या पतंगांसाठी, आणि पहाटेपासून गळू लागतात. झाडूवाल्या मावशी येऊन गेल्या की विषय संपला.

म्हणून सातच्या आत जा आणि वर नाही, खाली बघा. एक फूल उचलून हातात घ्या: बोटाएवढी लांब, नाजूक पांढरी नळी आणि टोकाला छोट्या पाकळ्या. या नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी होते, घरातल्या आजीला विचारा. बहर साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा भरेपर्यंत थांबलात तर बहुतेक हुकलाच.

उलट, 'ऑफिस टाइम' नावाच्या कुंडीतल्या फुलाला सातला गाठायला गेलात तर मिटलेलंच मिळेल. त्याला ऊन लागतं. नावच तसं आहे!

पानाला फूल समजणं

बोगनवेलीचा जो गुलाबी कागदी भाग आपण फूल म्हणून दाखवतो, ती रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे त्या तीन पानांच्या मधली बारीक, पांढरट नळी. जवळ जाऊन बघा, एका पानाला एक अशी चिकटलेली असते.

पॉइन्सेटियाचंही तसंच, आणि त्याची तक्रार दरवर्षी ऐकू येते: "शेजारच्यांचं लालभडक, आमचं हिरवंच." खत बदलून उपयोग नाही. दिवस लहान होऊन सलग बारा तासांपेक्षा जास्त अंधार मिळू लागला की या झाडाची वरची पानं लाल होतात. तुमचं झाड गेटजवळच्या दिव्याखाली असेल तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी असेल तर ऑक्टोबरपासून दोनेक महिने संध्याकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, दिवसा उन्हात. जमिनीत असेल तर दिव्याची दिशा बदला. शेवंतीला कळ्या येत नसतील तरी आधी दिवाच तपासा.

कांचन दिसला की एकच समजणं

दसऱ्याला आपटा म्हणून ज्याची पानं सर्रास गळ्यात मारली जातात, तो हा कांचन. पण गुलाबी-जांभळे कांचन एकच नसतात. दिवाळीच्या आगेमागे, अंगावर हिरवी पानं असताना फुलतो तो एक. दुसरा फेब्रुवारीच्या सुमारास, पानं बरीचशी झडल्यावर. शंका आली तर फुलातले मोठे, वर वळलेले पुंकेसर मोजा. पहिल्यात बहुधा तीन, दुसऱ्यात पाच. पानावरून भांडत बसू नका, दोघांचीही दुभंगलेलीच असतात.

नुसत्या रंगावरून नाव ठेवणं

रिकाम्या प्लॉटमध्ये हिवाळाभर दिसणारा पिवळा धोत्रा हा धोत्राच नाही. तो अफूच्या कुळातला आहे, देठ मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. त्याच्या तेलाच्या भेसळीमुळे 1998 साली दिल्लीत लोक दगावले होते. बघा, फोटो काढा, पण पोरांना बी गोळा करू देऊ नका. पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, तीही विषारी.

फक्त फुलाचा फोटो काढणं

मोबाइलच्या ॲपने चुकीचं नाव सांगितलं की आपण ॲपला शिव्या घालतो. पण त्याला आपण दिलेलं काय असतं? एक पाकळी आणि आपला अंगठा! पान, पानांची फांदीवरची मांडणी, फुलाची मागची बाजू आणि पूर्ण झाड असे चार फोटो काढा. शेवग्याच्या किंवा बुचाच्या पांढऱ्या फुलांचा उन्हात नुसता पांढरा डाग येतो. स्क्रीनवर फुलाला टच करून उजेड कमी करा, किंवा स्वतःची सावली पाडा.

कासची अपेक्षा ठेवणं

कास पठाराचा बहर पावसाळ्याचा. इथे गालिचे शोधाल तर हिरमोड होईल. त्यापेक्षा जानेवारीत शहराबाहेरच्या ज्वारीच्या कडेला थांबा. जनावरं आत शिरू नयेत म्हणून लावलेल्या करडईच्या पट्ट्यात एकाच झाडावर ताजी पिवळी आणि जुनी होऊन तांबूस झालेली फुलं शेजारी शेजारी दिसतात. शेतात पाय टाकण्याआधी मालकाला आवाज द्या. आणि करडईला पुढून हात घालू नका. त्या काट्यांना गाय भिते, आपली काय कथा.