फ्रान्समध्ये गाड्यांशिवाय सायकल चालवायची असेल तर

नकाशावरचा 'सायकल मार्ग' अचानक मोटारींच्या रस्त्यावर येतो, आणि सोबत मुलं असतील तर जीव धास्तावतो. म्हणून मार्ग ठरवताना नाव नीट वाचा.

१. 'व्हेलोरूत' म्हणजे सायकलचा लांब पल्ला. त्यात मोटारींचे रस्तेही येतात. 'व्वा व्हेर्त' मात्र फक्त चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी. तेच तुकडे आधी निवडा.

२. सुरुवातीला बर्गंडीतला जिव्री ते क्लुनी घ्या. जुन्या रेल्वेमार्गावरचा, त्यामुळे चढ अगदी सौम्य. बोर्दो-तुलूज बाजूचा गारोन कालव्याकाठचा डांबरी मार्गही सुरेख, वर झाडांची सावली! तुलूजच्या पुढे मिदी कालव्याकाठी पहिले साधारण पन्नास किलोमीटर डांबरी आहेत, त्यानंतर मात्र बऱ्याच ठिकाणी कच्ची वाट आणि मुळं लागतात, तिथे जाड टायर हवेत.

सांभाळा: खेड्यांतली दुकानं रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारीही बंद असतात. खाणं शनिवारीच भरून ठेवा.