सुपरहिरोंचा महासंगम पाहण्यापूर्वी आणि पाहून झाल्यावर

मराठी मालिका नेमाने पाहणाऱ्या घरात ‘महासंगम’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन मालिकांतील कुटुंबे एकाच लग्नाला किंवा एकाच गणपतीला जमतात, आठवडाभर आधीपासून प्रोमोचा मारा होतो आणि प्रत्यक्ष भागात दोन्ही नायिकांचे एकत्र असे जेमतेम दोन-तीन प्रसंग वाट्याला येतात. घरातील मंडळी हे जाणून असतात आणि तेवढ्यावर समाधानही मानतात. अमेरिकी सुपरहिरोंच्या मालिकांचा क्रॉसओव्हर, म्हणजे असाच महासंगम, जाहीर झाला की मात्र हाच जाणकार प्रेक्षक भाबडा होतो, जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा मानतो आणि शेवटी हिरमुसतो. ही निराशा बऱ्याच अंशी आधीच मोजता येते आणि ती कशी मोजावी, हे येथे सांगायचे आहे. उदाहरणांच्या ओघात काही कथानकांतील कलाटण्या उघड होतील, याची नोंद घ्यावी.

आधीचा गृहपाठ

पहिले काम म्हणजे कोणता भाग कोणत्या मालिकेचा आहे, हे पाहणे. क्रॉसओव्हर हा सलग चित्रपट नसतो. प्रत्येक भाग कोणत्या तरी मालिकेच्या चालू हंगामातील एक भाग असतो आणि त्या मालिकेला स्वतःची अर्धवट राहिलेली सूत्रे त्यात पुढे न्यायची असतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या सीडब्ल्यू वाहिनीचा, परग्रहवासीयांच्या हल्ल्याची कथा सांगणारा २०१६ सालचा ‘इन्व्हेजन!’. ‘सुपरगर्ल’, ‘द फ्लॅश’, ‘अ‍ॅरो’ आणि ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’ या चार मालिका २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशा सलग चार रात्री एकत्र येणार, अशी त्याची जाहिरात झाली. प्रत्यक्षात पहिल्या रात्रीचा ‘सुपरगर्ल’चा भाग हा जवळजवळ संपूर्णपणे त्या मालिकेचाच नेहमीचा भाग होता. अधूनमधून हवेत एक भगदाड उघडते आणि मिटते, आणि अगदी शेवटी बॅरी अ‍ॅलन (म्हणजेच फ्लॅश) आणि त्याचा सहकारी सिस्को त्यातून बाहेर पडून काराकडे (म्हणजेच सुपरगर्लकडे) मदत मागतात, एवढाच त्याचा परग्रहवासीयांच्या हल्ल्याशी संबंध. तोच प्रसंग दुसऱ्या रात्री ‘द फ्लॅश’च्या भागात पुन्हा आला. म्हणजे चार रात्रींचा सोहळा मुळात तीन रात्रींचा होता, आणि ज्यांनी पहिला भाग केवळ सोहळ्यासाठी पाहिला त्यांची फसगत झाली. तो भाग वाईट होता असे मी म्हणणार नाही. कॅडमस या संघटनेची कथा पाहत असलेल्या प्रेक्षकाला तो आवडण्याजोगा होता. पण त्याला ‘पहिला भाग’ म्हणणे हे जाहिरात विभागाचे कसब होते.

त्याच क्रॉसओव्हरमध्ये दुसरीही एक गोष्ट दडलेली होती आणि ती थोडी चौकशी केली असती तर आधीच कळली असती. ‘अ‍ॅरो’च्या वाट्याला आलेला भाग हा त्या मालिकेचा १०० वा भाग होता. शंभराव्या भागात कोणतीही मालिका आपला भूतकाळ आळवणार, जुने चेहरे परत आणणार, हे उघड आहे. झालेही तसेच: मालिकेचा नायक ऑलिव्हर आणि त्याचे काही सहकारी परग्रहवासीयांच्या यानात बेशुद्ध पडून एक सामाईक स्वप्न पाहत राहतात, त्या स्वप्नात ऑलिव्हरचे आईवडील जिवंत असतात आणि बाहेरची लढाई बराच वेळ खोळंबते. ‘अ‍ॅरो’च्या जुन्या चाहत्याला या भागाने गहिवरून आणले, तर केवळ सुपरगर्ल आणि फ्लॅश यांना एकत्र पाहायला आलेल्याला घड्याळ पाहायला लावले. म्हणून नियम असा की क्रॉसओव्हरमधील प्रत्येक मालिकेचा तो कितवा भाग आहे, हंगाम मध्यावर आहे की संपत आला आहे आणि एखादा प्रमुख कलाकार मालिका सोडून जाणार आहे का, एवढे तरी आधी पाहून ठेवावे.

त्यानंतर मिनिटांचा हिशेब मांडावा. अमेरिकी वाहिनीवरील एक तासाचा भाग जाहिराती वगळता सुमारे ४२ मिनिटांचा असतो. २०१९-२० मधील ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या सीडब्ल्यूच्याच क्रॉसओव्हरचे भाग पाच होते, म्हणजे एकूण साडेतीन तास. या साडेतीन तासांत पाच मालिकांचे नायक, त्यांचे सहकारी, खलनायक आणि वर जुन्या मालिका-चित्रपटांतून आणलेले पाहुणे बसवायचे होते. पाहुण्यांची यादीच प्रचाराचे मुख्य हत्यार होती आणि अपेक्षाभंगाचे मुख्य कारणही तीच ठरली. ‘स्मॉलव्हिल’ ही तरुण सुपरमॅनची, म्हणजे क्लार्क केंटची, मालिका २००१ ते २०११ अशी दहा हंगाम चालली. तिच्या नायकाला, टॉम वेलिंगला, सुपरमॅनच्या पूर्ण वेशात नीट उभे राहिलेले प्रेक्षकांनी कधी पाहिले नव्हते. तो परत येणार म्हटल्यावर सगळ्यांनी तोच वेश डोळ्यांपुढे आणला. आला तो शेतावर सुखाने संसार करणारा, आपल्या शक्ती सोडून दिलेला क्लार्क, तोही अवघ्या काही मिनिटांसाठी. मला व्यक्तिशः तो प्रसंग आवडला, कारण दहा वर्षे चाललेल्या एका पात्राला त्यात शांतपणे निवृत्त होऊ दिले आहे. पण ‘आता कपडे बदलेल’ या आशेने पाहणाऱ्याला तो टोचणारच.

इतकी गर्दी कागदावर का पेलते आणि पडद्यावर का पेलत नाही, हेही समजून घेतले तर राग निवळतो. ‘क्रायसिस’चे मूळ कॉमिक १९८५-८६ मध्ये १२ अंकांत आले. मार्व्ह वुल्फमन यांचे लेखन आणि जॉर्ज पेरेझ यांची चित्रे. पेरेझ एका चौकटीत डझनावारी पात्रे काढत आणि त्यासाठी फक्त चित्रकाराचा वेळ व शाई खर्च होई. चित्रीकरणात प्रत्येक चेहऱ्यामागे मानधन, वेशभूषा आणि तारखा असतात. या मालिकांचे चित्रीकरण व्हँकुव्हर परिसरात एकाच काळात चालत असल्यामुळे एका मालिकेचा नायक दुसऱ्या मालिकेला द्यायचा तर त्याच्या स्वतःच्या भागाचे दिवस कापावे लागत. म्हणूनच सगळे एकत्र दिसतात ते प्रसंग मोजके असतात आणि बहुधा एखाद्या गोदामात, हँगरमध्ये किंवा मोकळ्या मैदानात घडतात.

प्रोमो पाहताना याच गोष्टीकडे लक्ष द्यावे. प्रोमो मध्येच थांबवून सगळे नायक एका रांगेत उभे असलेल्या दृश्यांची पार्श्वभूमी तपासावी. ती प्रत्येक वेळी एकच असेल, उजेडही तोच असेल आणि कपड्यांवरची धूळही तीच असेल, तर तो एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून दाखवला आहे असे समजावे. मालिकांच्या प्रोमोत थोबाडीत मारण्याचे एकच दृश्य तीन वेळा दाखवतात, हे आपण जाणतोच.

पूर्वतयारीच्या नावाखाली स्वतःला राबवून घेणे हेही निराशेला आमंत्रण आहे. चार मालिकांच्या नायकांना एकत्र आणणारी ‘द डिफेंडर्स’ १८ ऑगस्ट २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिच्याआधी ‘डेअरडेव्हिल’चे दोन हंगाम आणि ‘जेसिका जोन्स’, ‘ल्यूक केज’ व ‘आयर्न फिस्ट’ यांचा प्रत्येकी एक हंगाम, असे १३-१३ भागांचे पाच हंगाम होऊन गेले होते. म्हणजे ८ भागांच्या भेटीसाठी ६५ भागांचा अभ्यास. एवढे सगळे बसून पाहिलेल्या माणसाला चौघे नायक प्रथम एकत्र लढताना दिसतात ते तिसऱ्या भागाच्या शेवटी, तेव्हा त्याचा संताप समजण्यासारखा आहे. वास्तविक कथेचा धागा ‘हँड’ या टोळीशी आणि डेअरडेव्हिलच्या जुन्या प्रेयसीशी, इलेक्ट्राशी, बांधलेला असल्यामुळे ‘डेअरडेव्हिल’चा दुसरा हंगाम आणि ‘आयर्न फिस्ट’ची साधारण माहिती एवढ्यावर भागते. ‘जेसिका जोन्स’चा पहिला हंगाम जरूर पाहावा, पण तो स्वतःच्या गुणांवर, क्रॉसओव्हरची पूर्वपरीक्षा म्हणून पाहू नये.

पाहताना

मुंबईत राहणाऱ्यासाठी वेळेचे गणित वेगळे आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री आठला सुरू होणारा भाग आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि साडेसातला संपतो. त्यामुळे सव्वाआठच्या लोकलमध्ये मोबाइल उघडणाऱ्याला कोण मेले आणि कोण परत आले, हे भाग न पाहताच कळते. ‘क्रायसिस’चे पहिले तीन भाग ८, ९ आणि १० डिसेंबर २०१९ च्या रात्री तिकडे दाखवले गेले आणि उरलेले दोन १४ जानेवारीच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ऐन संक्रांतीच्या सकाळी. मध्ये महिन्याहून जास्त खंड पडला आणि तेवढ्या काळात लोकांनी रचलेले तर्क प्रत्यक्ष कथेपेक्षा सरस ठरले. माझा सल्ला असा की क्रॉसओव्हर पूर्ण होईपर्यंत एकही भाग पाहू नये, संबंधित शब्द समाजमाध्यमांवर म्यूट करून ठेवावेत आणि सगळे भाग हाताशी आले की एका सुट्टीच्या दिवशी पाहावेत.

लोकलमध्ये पाहण्याचा मोह बाळगू नये. बोरिवली ते चर्चगेट जलद गाडीत एक भाग आरामात संपतो हे खरे, आणि डाउनलोड करून ठेवला तर नेटवर्क गेल्याचाही त्रास नाही. पण दादरला चढणाऱ्यांचे खांदे मोबाइलवर आले की अंधारातली मारामारी म्हणजे नुसता काळा चौकोन होतो. ‘द डिफेंडर्स’ तर मुळातच अंधारी मालिका आहे. घरचा टीव्ही संध्याकाळी सातपासून वडीलधाऱ्यांच्या मालिकांचा असल्याने रविवारची दुपार त्यांच्याशी आधी बोलून ठरवावी.

मात्र त्यांना उठवून लावू नये. ज्याला यातले काही माहीत नाही असे एखादे माणूस शेजारी बसले तर फायदाच होतो, कारण आपण चाहतेपणाच्या भरात ज्यावर पांघरूण घालतो ते त्याला चटकन दिसते. माझ्या आत्याने असाच एक भाग भाजी निवडता निवडता पाहिला.

“हा लाल कपड्यांतला कोण रे?”

“आत्या, तो फ्लॅश. विजेच्या वेगाने धावतो.”

“मग मघापासून उभा राहून बोलतोय कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस नायक एका खोलीत असले की प्रत्येकाला एक तरी वाक्य द्यावे लागते आणि तोवर जगाचा अंत ताटकळत राहतो, हा क्रॉसओव्हरचा सर्वांत मोठा पटकथादोष तिने एका वाक्यात सांगितला होता.

निराशा झाल्यावर

भाग संपल्यासंपल्या काहीही लिहू नये आणि मित्रांच्या ग्रुपवर तर मुळीच लिहू नये. रात्र जाऊ द्यावी आणि मग आपल्या तक्रारी कागदावर उतरवून त्यांची तीन प्रकारांत विभागणी करावी: जे कबूल केले होते पण दिले नाही ते, जे कुणी कबूल केलेच नव्हते पण आपण धरून चाललो होतो ते, आणि जे दिले पण नीट केले नाही ते.

‘इन्व्हेजन!’ची पहिली रात्र पहिल्या प्रकारात मोडते आणि तिचा दोष वाहिनीला देण्यात काहीच गैर नाही. टॉम वेलिंगचा वेश दुसऱ्या प्रकारातला. तिसऱ्या प्रकारात मी ‘क्रायसिस’चा शेवट घालीन: अनंत विश्वे गिळणारा खलनायक अँटी-मॉनिटर अखेर ‘लेजंड्स’मधील शास्त्रज्ञ रे पामरच्या एका उपकरणाने लहान लहान करत नेला जातो, आणि तेही इतक्या घाईने की आपण जिंकलो हे पात्रांनी एकमेकांना सांगितल्यावरच पटते. काही गोष्टी दोन प्रकारांच्या सीमेवर असतात आणि त्यांचाच विचार करण्यात खरी गंमत आहे. ‘द फ्लॅश’च्या ऑक्टोबर २०१४ मधील पहिल्याच भागात, ‘क्रायसिस’मध्ये फ्लॅश नाहीसा होणार, असा मथळा असलेले भविष्यातील वर्तमानपत्र दाखवले होते. त्यावरील तारीख २०२४ मधली होती. पुढे ती अलीकडे ओढून १० डिसेंबर २०१९ करण्यात आली. पाच वर्षे प्रेक्षक बॅरीच्या बलिदानाची वाट पाहत होते. त्या रात्री बलिदान झाले, पण ते दुसऱ्या विश्वातील फ्लॅशचे, म्हणजे १९९० च्या मालिकेत हीच भूमिका केलेल्या जॉन वेस्ली शिप यांच्या पात्राचे. कुणी याला पळवाट म्हणेल. मला तो त्या पाच भागांतील सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो, कारण एका हंगामात बंद पडलेल्या मालिकेच्या नायकाला त्यात तीस वर्षांनी शेवट मिळाला, आणि मथळ्यात कोणता फ्लॅश हे कधी लिहिलेच नव्हते. माझ्या वहीत ही तक्रार पहिल्या प्रकारातून खोडून दुसऱ्या प्रकारात गेली.

विभागणी झाली की पुन्हा काय पाहावे ते ठरवावे. ‘इन्व्हेजन!’ पुन्हा पाहायचा असेल तर ‘सुपरगर्ल’चा भाग वगळून थेट ‘द फ्लॅश’पासून सुरुवात करावी, काही हरवत नाही. क्रॉसओव्हर या प्रकारावरूनच मन उडाले असेल तर २०१७ चा ‘क्रायसिस ऑन अर्थ-एक्स’ पाहावा. त्याचे चारही भाग एकाच कथेचे तुकडे वाटतात आणि सगळ्यांनी एकत्र येण्याचे निमित्त बॅरी आणि आयरिसचे लग्न असल्यामुळे कोण कुठून आले, हे समजावण्यात वेळ जात नाही. त्याहून आटोपशीर हवे असेल तर २०१८ चा ‘एल्सवर्ल्ड्स’ आहे: फक्त तीन भाग, ‘लेजंड्स’ची टोळी त्यात नाहीच, आणि बॅरी व ऑलिव्हर यांची आयुष्ये अदलाबदल होण्याची एकच कल्पना. ‘द डिफेंडर्स’मधील चौथा भाग मात्र एकटाही पाहण्यासारखा आहे, त्यात चौघे एका चिनी उपाहारगृहात अडकून जेवत, भांडत आणि एकमेकांचा अंदाज घेत बसतात आणि बराच वेळ कुणीही कुणाला मारत नाही. तो पाहिल्यावर शेवटच्या दोन भागांतील तळघरातली मारामारी पाहिली नाही तरी चालेल.