एमटॉरला शत्रू समजू नका: वार्धक्याची प्रथिने आणि खाण्यापिण्यातल्या चुका

‘एमटॉर दाबा, आयुष्य वाढवा’ हा सल्ला हल्ली सर्रास ऐकू येतो. तो ऐकून सत्तरीतली माणसं जेवणातली प्रथिनं निम्म्यावर आणतात, तेव्हा मात्र काळजी वाटते.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण खातो ती प्रथिनं आणि पेशीत कारभार पाहणारी प्रथिनं, दोन्हींना मराठीत शब्द एकच. एमटॉर हे दुसऱ्या जातीचं. अमिनो आम्लं, त्यातही ल्युसीन, भरपूर मिळाली आणि इन्सुलिन चढलं की ते जागं होतं आणि पेशी बांधकामाला लागते. टंचाई आली की ते शांत होतं आणि पेशी आपलेच खराब झालेले भाग मोडून वापरू लागते. याला ऑटोफॅजी म्हणतात. ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं.

एमटॉर दाबणारं रॅपामायसिन हे औषध 600 दिवस वयाच्या, म्हणजे चांगल्या प्रौढ उंदरांना सुरू केलं, तरी ते जास्त जगले. हे 2009 मध्ये दिसलं आणि तिथून हा सल्ला फोफावला. पण पिंजऱ्यातला उंदीर जिन्यावरून पडत नाही, त्याचं खुब्याचं हाड मोडत नाही. माणसाचे स्नायू टिकतात तेही एमटॉरच्याच जोरावर, आणि म्हातारपणी तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतात. म्हणून प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.8 ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण धरलं जात असलं, तरी पासष्टीनंतर अनेक तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. अमेरिकेतल्या लोकांच्या नोंदींवर 2014 मध्ये आलेल्या एका अभ्यासात 50 ते 65 वयात जास्त प्रथिनं खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, तर पासष्टीनंतर चित्र उलटलं. अशा नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरं, पण वय न विचारता दिलेला सल्ला किती कच्चा असतो ते कळतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच खा.

दुसरी चूक घड्याळाची. ‘उपवासाच्या सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू होते’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. उंदराला दिवसभर उपाशी ठेवलं तर त्याचं वजन लक्षात येण्याइतकं घटतं, माणसाचं तसं होत नाही. उंदराचे तास माणसाला लावता येत नाहीत, आणि तुमच्या शरीरात ऑटोफॅजी किती चालली आहे हे सांगणारी नेहमीची रक्ततपासणीही नाही. ॲपवर दिसतो तो नुसता टायमर.

तिसरी चूक म्हणजे कमी खाणं आणि निकृष्ट खाणं एकच समजणं. 1935 मध्ये अमेरिकी संशोधक मॅके यांनी अर्धपोटी ठेवून जास्त जगवलेल्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना (रॅट) जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेसे मिळत होते. माकडांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगातली कमी खाणारी माकडं जास्त जगली, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात 2012 मध्ये तसा फरक दिसला नाही. विस्कॉन्सिनच्या तुलनेच्या माकडांना साखर खूप जास्त होती आणि खाण्याला फारसा अटकाव नव्हता. म्हणजे तिथे जिंकलेली माकडं निदान काही अंशी खादाडपणाशी जिंकली. माणसांवरच्या दोन वर्षांच्या कॅलरी प्रयोगात 25 टक्के कपातीचं ध्येय होतं, साधली सुमारे 12 टक्के. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं, पण हाडांची घनताही थोडी घटली. तो भाग मथळ्यात येत नाही.

सर्टुइन ही पेशीतली आणखी काही प्रथिनं; ती जागी होतात म्हणून रेसव्हेराट्रॉलच्या गोळ्या घेणं ही चौथी चूक. रेसव्हेराट्रॉलने चरबीयुक्त आहारावरच्या लठ्ठ उंदरांना फायदा झाला, साधं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. ते वाइनमधून मिळतं म्हणून पेला भरणाऱ्यांसाठी: एका लिटरमध्ये फार तर काही मिलिग्रॅम असतं. निमित्त दुसरं शोधा.

वार्धक्याच्या चर्चेत येणारं आणखी एक प्रथिन म्हणजे क्लोथो; त्याचा संबंध शरीरातल्या फॉस्फेटचं प्रमाण राखण्याशी आहे. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेलं फॉस्फेट नैसर्गिक अन्नातल्यापेक्षा सहज शोषलं जातं, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

आता बिघाड कसा ओळखायचा? वजन न थांबता उतरतंय, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, सतत थंडी वाजते, पाळी चुकते, यातलं काही दिसलं तर कपात जास्त झाली असण्याची शक्यता आहे. उपाशी राहण्याचे तास कमी करा, प्रथिनं एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटा, आणि वजन उचलण्याचे व्यायाम जोडा. आठ-पंधरा दिवसांत फरक नसेल तर तपासून घ्या, कारण वजन उतरण्यामागे थायरॉइडपासून कर्करोगापर्यंत काहीही असू शकतं. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलून डोस ठरवल्याशिवाय एकही जेवण टाळू नका.